यंत्रे आली, वस्ताद कुठे गेला?

२९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड चित्रपटसृष्टीचा लाडका नट पुनीत राजकुमार वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेला. त्या सकाळी व्यायामानंतर त्याला अस्वस्थ वाटू लागले आणि काही तासांत सारे संपले. पुढचे काही दिवस बंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी लोकांची रीघ लागली होती. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्टला, दिल्लीतल्या एका जिममध्ये विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव ट्रेडमिलवर कोसळले. २१ सप्टेंबरला 'एम्स'मध्ये त्यांनी शेवटचा श्वास घेतला. ११ नोव्हेंबरला मुंबईत हिंदी मालिकांतला अभिनेता सिद्धांत वीर सूर्यवंशी व्यायाम करता करताच कोसळला. त्याचेही वय ४६.

या बातम्यांनी घरोघरी एक वाद सुरू करून दिला, तो अजून मिटलेला नाही. आई म्हणते, 'ती जिम बंद कर आधी.' मुलगा म्हणतो, 'त्यांना आधीपासून काहीतरी असणार.' वडील वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणतात, 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं.' तिघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पण मूळ प्रश्न तिघांच्याही हातून निसटतो. व्यायामाने माणूस मरतो का, हा तो प्रश्न नव्हे. व्यायाम कोण शिकवतो, किती वेगाने शिकवतो आणि करणाऱ्याकडे लक्ष कुणाचे असते, हा आहे.

आधी भीतीचा हिशेब करू. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर बायकांत ५७ टक्के. देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे गेल्याचा अंदाज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासाने २०२३ मध्ये मांडला. अशा देशात जिमची भीती घालून माणसांना पुन्हा सोफ्यावर बसवणे, हा उपाय रोगापेक्षा महाग पडेल.

पण भीती सर्वस्वी निराधार आहे असेही नाही. बोस्टनच्या संशोधकांनी १९९३ साली हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना विचारून एक हिशेब मांडला होता. एरवी आठवड्यातून एकदाही अंगमेहनत न करणाऱ्या माणसाने एकदम जोराचे श्रम केले, तर त्यानंतरच्या तासाभरात झटका येण्याचा त्याचा धोका एरवीच्या शंभराहून अधिक पटींनी वाढलेला दिसला. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत तोच धोका अडीच पटींच्या आतच राहिला. शंभर पट म्हटल्यावर दचकायला होते खरे. मात्र एखाद्या ठरावीक तासात झटका येण्याची शक्यता मुळातच इतकी अल्प असते की शंभराने गुणूनही ती फार मोठी होत नाही. महत्त्वाचा आहे तो दोन आकड्यांतला फरक. श्रम तेच, त्यांची सवय असलेले शरीर वेगळे.

आपल्याकडचा पुरावा याच दिशेने जातो. १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक, कारण न कळलेल्या मृत्यूंचा आयसीएमआरने ४७ रुग्णालयांच्या मदतीने अभ्यास केला. तो नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोविडच्या लशीने असे मृत्यू वाढले, ही वदंता त्याने खोडून काढली. धोका वाढवणारे जे घटक सापडले त्यांत कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले असणे आणि कुटुंबात असा अचानक मृत्यू घडलेला असणे हे होते. शिवाय मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांतले बेसुमार मद्यपान आणि त्याच ४८ तासांतले अतिजोराचे शारीरिक श्रम हेही होते. शेवटचे दोन घटक अभ्यासात स्वतंत्रपणे दिसतात. पण शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ यांची सांगड आपल्या शहरांतले कितीतरी तरुण स्वखुशीने घालतात, हे सांगायला संशोधकाची गरज नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पहिला झटका येण्याचे वय दक्षिण आशियातल्या लोकांत इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे अलीकडे आहे, असे बावन्न देशांतल्या रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात आढळले होते. म्हणून चाळिशी ओलांडलेल्याने, रक्तदाब वा साखर असलेल्याने, तंबाखू-सिगारेटवाल्याने आणि ज्याचे वडील किंवा भाऊ पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेले त्याने, जिमचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन यावे. नुसता झोपवून काढलेला ईसीजी ठीक आला म्हणजे परवाना मिळाला असे नाही; गरज वाटली तर डॉक्टर पुढची तपासणी सुचवतील. आणि व्यायाम करताना छातीवर दाब आला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, तर तिथेच थांबायचे. आपल्याकडे या लक्षणांना 'ॲसिडिटी झाली' असे म्हणून सोडा पिण्याची जी रीत आहे, तिने किती घरे उघडी केली असतील कुणास ठाऊक.

मृत्यूची बातमी होते, दुखापतीची होत नाही. कंबरेत उसण भरून आठ दिवस अंथरुणावर पडलेला बँकेतला कारकून, खांद्याच्या दुखण्याने केस विंचरता न येणारी शिक्षिका, गुडघा सुजल्यामुळे जिने टाळणारा कॉलेजकुमार यांची कुठेही नोंद नसते. ही मंडळी वर्षाचे पैसे भरून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जिम सोडतात आणि पुढे जन्मभर 'मला व्यायाम झेपत नाही' असे सांगत राहतात. खरे नुकसान इथे आहे.

हा दुसरा-तिसरा महिनाच का? त्याला शरीरशास्त्रीय कारण आहे. नव्याने वजने उचलणाऱ्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत भराभर वाढते, पण त्यातली बरीचशी वाढ स्नायूंची नसतेच. मेंदू आणि मज्जातंतू असलेले स्नायू अधिक कार्यक्षमतेने वापरायला शिकतात, इतकेच. त्यामागून स्नायू भरू लागतात. स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा मात्र संथ. त्यांच्यात रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्यांची मजबुती कित्येक महिने मागे रेंगाळते. म्हणजे ज्या दिवशी माणसाला 'आता मी काहीही उचलीन' असे वाटते, नेमक्या त्या दिवशी त्याची दोरी सर्वांत कच्ची असते. आरशात दंड दिसू लागतो, कंडरा कुठे दिसते?

आणि याच काळावर सारा व्यवसाय उभा आहे. 'नव्वद दिवसांत कायापालट', 'लग्नाआधी दहा किलो कमी', 'नवीन वर्षाची सवलत' या पाट्या वाचा. विकली जाते ती मुदत. मुदत आली की घाई आली, आणि घाईत पहिला बळी जातो तो पद्धतीचा. डेडलिफ्टमध्ये पाठीचा कणा सरळ ठेवून कमरेतून वाकायचे असते. वजन झेपेनासे झाले की पाठीला पोक येते आणि मणक्यांमधल्या गादीवर नको तसा ताण पडतो. खांद्यावरून वर ढकलायच्या वजनाला झटका दिला की खांद्याच्या सांध्याभोवतीचे बारीक स्नायू चोळवटून निघतात. यातले काहीही एका दिवसात तुटत नाही. आज चमक, उद्या ठणका, आणि परवा 'एमआरआय काढून घ्या'.

वडिलांच्या 'आमच्या वेळी' या उद्गारात तथ्य आहे ते इथे. महाराष्ट्राला व्यायामाची संस्कृती उसनी आणावी लागलेली नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे, दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. कोल्हापूरच्या तालमींची तर गोष्टच निराळी. तालमीत नवा पोरगा आला की त्याला लगेच कुस्ती मिळत नसे. हातात फावडे मिळे. हौद्यातली माती खणायची, उकरायची, सारखी करायची. त्या मातीत ताक, हळद, लिंबू, तेल कालवलेले. आज ज्याला वॉर्मअप म्हणतात तो त्या फावड्यातच होता. खांदे, कंबर, पोटऱ्या सगळे हळूहळू तयार होत. मग जोर आणि बैठका, त्याही मोजून आणि वाढवत नेत. वस्ताद कोपऱ्यात बसलेला दिसे, पण कोण रात्री जागला, कुणाचे पोट बिघडले, कुणाच्या घरी भांडण झाले, हे सगळे त्याला ठाऊक असे. 'आज तू नुसता बघ' असे तो सांगे, आणि पोरगा मुकाट्याने बघत बसे.

आता त्या तालमीचे पोवाडे गाण्याचेही कारण नाही. हजारी बैठकांनी गुडघे झिजवून घेतलेले पहिलवान गावोगावी होते. मोडलेले कान हे तिथे भूषण मानले जाई, आणि सांधा निखळला तर हाडवैद्य व हळदीचा लेप हीच शर्थ. मुख्य म्हणजे निम्म्या समाजाला, बायकांना, बहुतेक आखाड्यांचा उंबरा बंदच होता. आजच्या जिममध्ये पन्नाशीची गृहिणी बिनधास्त डंबेल्स उचलते, हा बदल लहान नाही. पाळी थांबल्यानंतर ठिसूळ होत जाणाऱ्या हाडांना आणि वयाबरोबर ओसरणाऱ्या स्नायूंना वजनांच्या व्यायामाचा मोठा आधार असतो. प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस स्त्री-पुरुष दोघांसाठी आहे.

तेव्हा यंत्रे आली याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती यंत्रांबरोबर वस्ताद आला नाही याची. जिममध्ये प्रशिक्षक असतात, पण तिथले अर्थकारण जरा समजून घ्यावे. सभासद-शुल्कात मिळते ती जागा आणि यंत्रे. 'पर्सनल ट्रेनिंग'चे पैसे वेगळे, आणि ते पुष्कळदा मूळ शुल्काच्या कितीतरी पट. अनेक ठिकाणी प्रशिक्षकाचा पगार तुटपुंजा असून खरी कमाई या शिकवणीच्या वाट्यावर अवलंबून असते. महिन्याचे उद्दिष्टही ठरवून दिलेले असते. मग ज्याने वेगळे पैसे भरले नाहीत तो सभासद पहिल्या दिवशी यंत्रांची ओळख करून घेतो आणि नंतर शेजारच्याचे बघून किंवा मोबाइलवरच्या चित्रफिती बघून शिकत राहतो. त्या पोरसवदा प्रशिक्षकाला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण लक्ष देणे ही गोष्ट जिथे वेगळी विकली जाते, तिथे न विकत घेणाऱ्याची कंबर कुणाच्या भरवशावर असते?

लक्ष असूनही अपघात होतात, हेही मान्य केले पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजस्थानातल्या बिकानेर इथे राष्ट्रीय पातळीवर पदक मिळवलेली सतरा वर्षांची पॉवरलिफ्टर २७० किलोंच्या सरावात मानेवर दांडी पडून दगावली. प्रशिक्षक जवळच होते. स्पर्धेच्या खेळाडूचा सराव आणि तुमच्या-आमच्या मुलांचा व्यायाम यांत फरक आहे, पण धडा दोघांना सारखा लागू पडतो. हातांनी सावरण्याला मर्यादा असते. वजन खांद्यावर घेऊन बसकण मारायची तर ती आडव्या सुरक्षा-दांड्या लावलेल्या चौकटीत, आणि त्या दांड्या आपल्या उंचीला बसवून. बेंचवर आडवे होऊन छातीवर दांडी घ्यायची तर डोक्याशी जाणता साथीदार हवाच. साथीदार नसेल त्या दिवशी डंबेल्स घ्यावीत. ती निदान बाजूला टाकता तरी येतात.

ट्रेडमिलला एक दोरी आणि चिमटा असतो. तो कपड्याला लावला तर माणूस पडताच पट्टा थांबतो. तो चिमटा लावलेला किती जणांना पाहिला आहे, हे आठवून बघा. घरी ट्रेडमिल घेतलेल्यांसाठी तर आणखी एक इशारा: अमेरिकेत २०२१ साली एका नामांकित कंपनीला आपली ट्रेडमिल बाजारातून परत घ्यावी लागली, कारण लहान मुले मागच्या बाजूने पट्ट्याखाली ओढली जात होती आणि एका मुलाचा जीव गेला होता. नातवंडे घरात असतील तर वापरानंतर ट्रेडमिलची किल्ली काढून उंचावर ठेवायची आणि वायरही उपसून ठेवायची.

काही छोट्या गोष्टी मोठ्या महत्त्वाच्या असतात. व्यायामाआधी एकाच जागी ताणून धरण्याने दुखापती टळतात, ही जुनी समजूत संशोधनात फारशी टिकलेली नाही. त्याऐवजी पाच-दहा मिनिटे अंग हलते ठेवून मोकळे करावे आणि मुख्य व्यायाम आधी हलक्या वजनाने करून बघावा. रक्तदाब असलेल्याने श्वास कोंडून वजन उचलू नये; जोर लावताना श्वास सोडावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने एकादशीच्या वा नवरात्राच्या उपवासात रिकाम्या पोटी जोराचा व्यायाम केला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. औषधाची वेळ आणि मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. नव्या व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी अंग आंबते, ते स्वाभाविक आहे. पण दुखणे सांध्यात असेल, एकाच बाजूला असेल, रात्री झोपू देत नसेल, तर ते आंबणे नव्हे. आणि पहिल्याच दिवशी अतिरेक केल्यावर स्नायू सुजून लघवी चहाच्या रंगाची झाली तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. स्नायूंच्या पेशी फुटून त्यातली द्रव्ये मूत्रपिंडांवर घाव घालू लागल्याची ती खूण असते.

घाईचा शेवटचा मुक्काम डब्यात आणि सुईत असतो. देशात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-पावडरींची तपासणी केरळच्या डॉक्टरांनी केली, ती २०२४ साली प्रसिद्ध झाली. जवळजवळ सत्तर टक्के डब्यांवर प्रथिनांचा आकडा चुकीचा होता; काहींत तर जाहीर केल्याच्या निम्मेच प्रथिन. पण खोटी पावडर निदान बहुतांशी खिसाच कापते. पुण्यासह राज्यात गेल्या काही वर्षांत पोलिसांनी पकडलेली मेफेंटरमाइनची इंजेक्शने हा मामला वेगळा आहे. भूल दिलेल्या रुग्णाचा उतरलेला रक्तदाब चढवण्यासाठीचे हे औषध, आणि वीस-बावीस वर्षांची पोरे जोर वाढावा म्हणून ते टोचून घेतात. थकवा ही शरीराने दिलेली थांबण्याची सूचना असते. ती सूचनाच गाडून टाकायची आणि वर चढलेल्या रक्तदाबानिशी वजने उचलायची, यापुढे हृदयाने काय करावे? मुलगा जिमला जातो म्हणून निर्धास्त असलेल्या आईबापांनी त्याच्या बॅगेतल्या डब्यावरचा मजकूर एकदा त्याच्याबरोबर बसून वाचायला हरकत नाही. चोरून नव्हे, बरोबर बसून.

सरकार काय करते? जिमच्या प्रशिक्षकाला परवाना बंधनकारक करणारा देशव्यापी कायदा आपल्याकडे नाही. कौशल्यविकास योजनेत प्रशिक्षकाची पात्रता आखून दिलेली आहे, खासगी प्रमाणपत्रेही ढिगाने मिळतात. पण त्यातले काहीच नसलेल्याला जिममध्ये उभे राहण्यापासून कुणी अडवत नाही. रिक्षा चालवायला परवाना आणि बिल्ला लागतो. दुसऱ्याच्या पाठीवर शंभर किलो ठेवायला लागत नाही.

सभासद होताना आपण एका छापील कागदावर सही करतो: 'दुखापत झाल्यास जबाबदारी माझी.' हा कागद ब्रह्मवाक्य नव्हे. जिम ही सेवा आहे, आणि सेवेत कसूर झाल्यास ग्राहक आयोगाकडे जाता येते. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्यायकारक करार' ही कल्पना आली असून अशा करारांविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागण्याची सोय आहे. पण त्यासाठी पावती, कराराची प्रत आणि डॉक्टरांचे कागद जपून ठेवलेले हवेत. पैसे रोखीत भरून 'पावतीचे नंतर बघू' म्हणणाऱ्याला कायदा कसा वाचवणार?

तेव्हा वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी घरातल्या जाणत्या माणसाने जिममध्ये एक चक्कर मारावी. गर्दीच्या वेळी, सकाळी सात किंवा संध्याकाळी आठला. किती सभासदांमागे किती प्रशिक्षक दिसतात? नव्या माणसाला वजन देण्याआधी कुणी त्याच्या गुडघ्यांविषयी, रक्तदाबाविषयी, जुन्या शस्त्रक्रियेविषयी विचारते का? कुणी कोसळले तर काय करायचे, हे तिथल्या किती जणांना येते? छातीच्या मधोमध, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहायचे आणि दुसऱ्याने १०८ ला दूरध्वनी करायचा, एवढे शिकायला एक दुपार पुरते. हृदय पुन्हा सुरू करण्यासाठी विजेचा धक्का देणारे 'एईडी' हे छोटे यंत्र विमानतळांवर दिसते. लाखो रुपयांची ट्रेडमिल घेणाऱ्याला ते परवडत नाही, हे पटण्यासारखे नाही. हे यंत्र आणि ते वापरता येणारा एक तरी माणूस, ही अट महापालिकांनी घालायला हवी.

महापालिका म्हटल्यावर उद्यानांतल्या 'ओपन जिम' आठवतात. कल्पना छानच, फुकट, मोकळ्या हवेत, सगळ्यांसाठी. प्रत्येक ठिकाणी लोकप्रतिनिधीच्या नावाची पाटी ठळक असते. यंत्र कसे वापरावे, कोणत्या वयाखाली वापरू नये, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, ही पाटी मात्र शोधूनही सापडत नाही. सकाळी चपला घातलेले आजोबा त्यावर पाय झुलवतात, संध्याकाळी तिथेच मुले झोके घेतात, आणि सांध्यांचे नटबोल्ट पावसाळ्यागणिक गंजत जातात. बसवण्याच्या खर्चाला मंजुरी मिळते. देखभालीचा खर्च कोणत्या खात्यात धरला आहे, हे आपल्या प्रभागात एकदा लेखी विचारून पाहावे.